पथ्य सुटल्यानंतर: किडनी प्रत्यारोपण झालेल्यांचा आहार, व्यायाम आणि आधार

बार्शीच्या घरी स्वयंपाकघराच्या खिडकीत तो स्टीलचा मापाचा जग अजून आहे. माझा आत्तेभाऊ डायलिसिसवर होता तेव्हा वहिनी रोज सकाळी त्यात लिटरभर पाणी घ्यायची आणि चहा, ताक, आमटी यांच्या हिशेबाचं पाणी आधीच काढून टाकायची. उरलेलं पाणी दादाचं, दिवसभराचं. पालेभाजी मोठ्या पातेल्यात उकळायची, पाणी ओतून द्यायची, मग फोडणीला टाकायची. भाजीची चव त्या पाण्याबरोबर जायची, पण पोटॅशियमही जायचं. केळं, मोसंबी, शहाळं घरात येतच नव्हतं. साडेतीन वर्षांनी वहिनीचीच किडनी दादाला बसली आणि पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "आता भरपूर पाणी प्या. तीन लिटर तरी." दादा भरलेला ग्लास हातात धरून नुसता बसून राहिला. पोटभर पाणी पिण्याची सवयच मोडली होती.

पुढच्या आठ महिन्यांत त्याचं वजन अकरा किलोंनी वाढलं आणि रक्तात साखर निघाली. घरी सोडताना मिळालेले कागद मी तेव्हा पुन्हा काढून पाहिले. औषधांची दोन पानं, प्रत्येक गोळीपुढे वेळ लिहिलेली. पथ्याचं अर्धं पान, इंग्रजीत, झेरॉक्सची झेरॉक्स. त्यात ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल. भाकरीचा, शेंगदाण्याच्या चटणीचा, कडधान्यांचा उल्लेख नाही. व्यायामाची एकच ओळ: जड उचलू नका.

त्या अर्ध्या पानावर खरं तर काय असायला हवं, याबद्दल जगभर गेली वीस-पंचवीस वर्षं अभ्यास चालू आहे. तो कुठवर आला आहे, त्याचा हा आढावा.

प्रश्न कसा बदलत गेला

२३ डिसेंबर १९५४ रोजी बॉस्टनमध्ये जोसेफ मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका जुळ्या भावाची किडनी दुसऱ्याला बसवली. दोघं एकसारखे जुळे असल्यामुळे शरीरानं ती परकी मानली नाही आणि तो रुग्ण आठ वर्षं जगला. आपल्याकडे १९६५ साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात प्रयत्न झाला, पण पहिलं यश १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलं. त्या काळात माणूस वाचतो का आणि किडनी वर्षभर टिकते का, एवढीच चिंता होती. स्टिरॉइडचे डोस मोठे होते आणि वजन वाढणं ही जगण्याची किंमत मानली जाई.

१९८०च्या दशकात प्रतिकारशक्ती दाबणारं सायक्लोस्पोरिन आलं, १९९०च्या दशकात टॅक्रोलिमस आणि मायकोफेनोलेट. रिजेक्शनचं, म्हणजे शरीरानं नवी किडनी नाकारण्याचं, प्रमाण झपाट्यानं उतरलं आणि मग वेगळंच चित्र दिसू लागलं. किडनी उत्तम चालू आहे, क्रिएटिनिन ठीक आहे, आणि माणूस हृदयविकारानं जातो. प्रत्यारोपण झालेल्यांच्या मृत्यूचं हे आजही एक प्रमुख कारण आहे. त्यामुळे वजन, साखर, रक्तदाब आणि झिजत चाललेले स्नायू या गोष्टी मुख्य चर्चेत आल्या. २००९ साली केडिगो या आंतरराष्ट्रीय गटानं प्रत्यारोपणानंतरच्या देखभालीची मार्गदर्शक तत्त्वं काढली. प्रत्येक भेटीत लठ्ठपणा तपासावा, योग्य आहार, व्यायाम आणि गरज असेल तिथे वजन घटवणं यांचा आग्रह धरावा, असं त्यांत म्हटलं आहे. मात्र या शिफारशीला पुराव्याची श्रेणी देण्याइतका पुरावा तेव्हा हाताशी नव्हता आणि ती श्रेणीविनाच छापली गेली. तिथून पुढचं बरंचसं संशोधन ही उणीव भरून काढण्यासाठी झालेलं आहे.

वजन का वाढतं

पहिल्या वर्षात पाच ते दहा किलो वाढणं ही नेहमीची गोष्ट आहे. बरीच वर्षं याचा सगळा दोष प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडवर टाकला जाई. ते भूक चेतवतं, पोटाभोवती चरबी साठवतं आणि स्नायू झिजवतं, हे खरंच आहे. पण स्टिरॉइड लवकर थांबवलेल्या किंवा मुळात न दिलेल्या रुग्णांचंही वजन वाढतं. रक्तातली घाण गेली की तोंडाची कडवट, धातूसारखी चव जाते आणि अन्न पुन्हा अन्नासारखं लागतं. वर्षानुवर्षांचं पथ्य एका दिवसात सुटतं. भेटायला येणारा प्रत्येक नातेवाईक डबा घेऊन येतो. आणि टाके दुखावतील, किडनी हलेल या धास्तीनं माणूस पलंगावरून उठत नाही. त्यात टॅक्रोलिमस स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना दाबतं. या सगळ्यातून होणाऱ्या मधुमेहाला काय म्हणावं, यावरही चर्चा झाली. २०१३ साली व्हिएन्नात जमलेल्या तज्ज्ञांनी 'नव्याने उद्भवलेला मधुमेह' हे नाव सोडून 'प्रत्यारोपणोत्तर मधुमेह' हे नाव घ्यावं असं सुचवलं, कारण अनेकांचा मधुमेह आधीपासून असतो आणि नंतर उघडकीला येतो, इतकंच.

आपल्या माणसांच्या बाबतीत नुसत्या वजनकाट्यानं फसगत होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन यांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. यूडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा २३ वर आणि लठ्ठपणाची २५ वर ओढली जाते, ती याच कारणानं. डायलिसिसनं स्नायू आधीच आटलेल्या माणसाचं वजन 'नॉर्मल' दिसतं तेव्हा त्यात चरबी किती आणि मांस किती, हे विचारायला हवं. कंबरेची टेप आणि हाताच्या मुठीची पकड यांतून काट्यापेक्षा जास्त कळतं, असं मानणारे तज्ज्ञ आता वाढत आहेत.

ताटातले वाद

प्रथिनांबाबत फारसा वाद नाही. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या चार-सहा आठवड्यांत जखम भरायची असते आणि स्टिरॉइडचा डोसही मोठा असतो, म्हणून शरीराच्या दर किलोमागे १.३ ते १.५ ग्रॅम. पुढे ०.८ ते १ ग्रॅम. मिठाबाबतही एकमत आहे: जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाला पाच ग्रॅमची मर्यादा, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. हे पाळणं किती कठीण आहे, ते लोणचं, पापड, ठेचा आणि सुकी मासळी घरात असलेल्या कुणालाही सांगायला नको.

पोटॅशियम आणि फॉस्फरसचं गणित मात्र उलटं फिरतं, आणि घरच्यांचा गोंधळ तिथे उडतो. डायलिसिसच्या काळात फॉस्फरस वाढू नये म्हणून दूध आणि डाळी आवरलेल्या असतात. प्रत्यारोपणानंतर गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथींचा जुना जोर काही महिने टिकतो, नवी किडनी फॉस्फरस बाहेर टाकत राहते आणि अनेकांना तेच पदार्थ मुद्दाम खायला सांगावे लागतात. पोटॅशियमचं निराळं. किडनी चांगली चालत असूनही टॅक्रोलिमस आणि जंतुसंसर्ग टाळण्यासाठी दिलेली सेप्ट्रानची गोळी ते वाढवू शकतात. म्हणून एकाला शहाळं चालतं आणि शेजारच्या खाटेवरच्याला चालत नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात. पाण्याचंही तसंच. सुरुवातीला भरपूर पाणी हवं, हे सर्वमान्य आहे, पण पुढे आयुष्यभर जितकं जास्त तितकं बरं का? दिवसाला दोन लिटर आणि चार लिटर पिणाऱ्यांची तुलना करणाऱ्या एका छोट्या अभ्यासात किडनीच्या कामात फरक आढळला नाही.

कच्च्या अन्नावर मतं खरी विभागलेली आहेत. एक बाजू म्हणते की प्रतिकारशक्ती औषधांनी दाबलेली आहे, त्यामुळे पहिले सहा महिने कोशिंबीर, बाहेरचं दही, उसाचा रस, चटणी, सगळं बंद. आपल्या पावसाळ्यात आणि आपल्या पाण्यात या भीतीला आधार आहे. शिवाय जुलाब नुसते जुलाब राहत नाहीत. आतड्याला सूज असली की टॅक्रोलिमस जास्त शोषलं जातं, रक्तातली पातळी चढते आणि किडनीलाच इजा होते. दुसरी बाजू म्हणते की 'निर्जंतुक आहारा'चा फायदा जिथे तपासला गेला तिथे तो दिसला नाही. मूलपेशी प्रत्यारोपणाच्या रुग्णांची प्रतिकारशक्ती किडनीवाल्यांपेक्षा कितीतरी खाली जाते. इटलीत अशा २२२ रुग्णांवर चाचणी झाली आणि तिचा निष्कर्ष २०२३ साली आला: मोकळा पण स्वच्छ आहार निर्बंधांच्या आहारापेक्षा जास्त संसर्ग घडवत नाही. किडनी प्रत्यारोपणात या तोडीची चाचणी झालेली नाही. इटलीतलं नळाचं पाणी आणि आपलं पाणी एक नाही, हा आक्षेपही रास्त आहे. मला दोन्ही बाजूंत एक गोष्ट समान दिसते. धुवायचं कशानं, किती वेळ, शिळं म्हणजे किती तासांचं, विरजण कुठलं, हे कुणीतरी बसून सांगावं लागतं. 'बाहेरचं टाळा' या दोन शब्दांत ते मावत नाही.

फळं आणि औषधांचा संबंध हा त्याहून नाजूक विषय. ग्रेपफ्रूट आतड्यातल्या एका विकराला अडवतं आणि टॅक्रोलिमसची पातळी वाढवतं, हे पक्कं आहे. हे फळ आपल्याकडे क्वचितच कुणी खातं. पण त्याचा सख्खा नातलग पपनस कोकणात आणि गोव्यात गणपतीत घरोघरी असतो, मूर्तीवर बांधलेल्या माटोळीला टांगलेला असतो, आणि त्यानंही टॅक्रोलिमसची पातळी चढल्याची नोंद आहे. करमलाचं, म्हणजे कमरखाचं, कारण वेगळं आहे. त्यात ऑक्झलेट भरपूर आणि कॅरॅम्बॉक्सिन नावाचं मेंदूवर परिणाम करणारं द्रव्य असतं. किडनी अशक्त असलेल्यांनी ते टाळावंच. डाळिंबाबद्दल मात्र तुरळक नोंदींपलीकडे पुरावा नाही, तरी अनेक घरांतून ते हद्दपार झालं आहे. फोडणीतली हळद आणि हळदीच्या कॅप्सूल यांतही फरक करावा लागतो.

गुळवेलीची चर्चा आपल्या जवळची आहे. करोनाच्या काळात घरोघरी काढे उकळले गेले. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं प्रसिद्ध केलं. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला की रुग्णांनी घेतलेली वनस्पती नेमकी गुळवेलच होती याची खातरजमा झालेली नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेलही असते. हा वाद यकृताचा. प्रत्यारोपण झालेल्यांसाठी प्रश्न याहून सरळ आहे: प्रतिकारशक्ती वाढवण्यासाठी जे घेतलं जातं, ते प्रतिकारशक्ती दाबून जगणाऱ्यानं घ्यावं का? यावर प्रत्यारोपणाचे डॉक्टर एका सुरात नाही म्हणतात. रुग्णाच्या घरी काढा देणारी मावशीही तितक्याच मायेनं तो देत असते, आणि तिला हे कुणी समजावून सांगितलेलं नसतं.

एकेका पदार्थाकडून सबंध ताटाकडे वळणारा अभ्यास नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन शहरातून आला. तिथल्या शेकडो प्रत्यारोपित रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला आहे. भाज्या, कडधान्यं, मासे आणि कमी मांस असा भूमध्यसागरी धाटणीचा आहार घेणाऱ्यांमध्ये नंतरचा मधुमेह कमी आढळला आणि ६३२ जणांच्या गटात किडनीची घसरणही कमी दिसली. हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. असं जेवणारी माणसं इतर बाबतींतही जपून राहत असतील. पण त्या ताटातलं ऑलिव्ह सोडलं तर बाकी गोष्टी मटकीच्या उसळीपासून आणि बांगड्यापासून फार लांब नाहीत. आपल्या ताटाचा असा अभ्यास व्हायला हवा.

चालावं किती, उचलावं किती

नवी किडनी जुन्या जागी बसत नाही. ती ओटीपोटात, बहुधा उजव्या बाजूला, कातडीच्या बरीच जवळ असते आणि जुन्या किडन्या सहसा तशाच आत राहतात. म्हणून सहा ते आठ आठवडे जड उचलू नये, पोटावर थेट ताण देऊ नये आणि कबड्डीसारखे अंगाला अंग भिडणारे खेळ पुढेही टाळावेत, यावर एकमत आहे. सूर्यनमस्कार कधी सुरू करावेत, हे आपल्याकडे हमखास विचारलं जातं. त्याचं चाचणीवर आधारलेलं उत्तर नाही. शल्यचिकित्सक जखम पाहून सांगतात.

हालचाल न करण्याचा धोका मात्र मोजलेला आहे. ग्रोनिंगेनमध्येच ५४० जणांच्या पाहणीत ज्यांची हालचाल सर्वांत कमी, त्यांच्यात हृदयविकारानं आणि एकूणच मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. इथेही कोंबडी आधी की अंडं आधी हा प्रश्न उरतो, कारण आजारी माणूस मुळात कमी चालतो. म्हणून प्रयोगांकडे पाहावं लागतं. पॅट्रिशिया पेंटर यांनी सॅन फ्रान्सिस्कोत १६७ जणांना महिन्याभरातच दोन गटांत विभागलं. एका गटाला घरी करायचा व्यायाम आणि फोनवर विचारपूस, दुसऱ्याला नेहमीची देखभाल. २००२ साली निष्कर्ष आला: व्यायाम करणाऱ्यांचा दम आणि स्नायूंची ताकद जास्त वाढली, शरीरातली चरबी मात्र दोन्ही गटांत सारखीच राहिली. वर्षाच्या अखेरीच्या तपासणीला ९७ जणच उरले होते, हेही नोंदवायला हवं. २०१५ साली लंडनच्या शॅरलीन ग्रीनवूड यांच्या गटानं ६० जणांवर बारा आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. चालणं-सायकलसारखा दमाचा व्यायाम करणारे आणि वजनं उचलणारे, दोघांच्याही धमन्यांचा ताठरपणा कमी झाला. वजन उचलू नका, हा सल्ला जन्मभरासाठी नाही, हे त्यातून ठसलं. स्टिरॉइडनं झिजणाऱ्या स्नायूंना आणि हाडांना हळूहळू वाढवत नेलेला भार हवाच असतो.

आधार दिल्यानं काय होतं

सल्ला आणि आधार यांत मोठं अंतर आहे. ते ब्रिटनमधल्या बर्मिंगहॅमच्या एका चाचणीत नेमकं तपासलं गेलं. मधुमेह नसलेल्या १३० प्रत्यारोपित रुग्णांपैकी निम्म्यांना लेखी माहिती दिली. उरलेल्यांना सहा महिने आहारतज्ज्ञाची सोबत मिळाली: भेटी, फोन, स्वतः ठरवलेली छोटी उद्दिष्टं. २०२० साली निष्कर्ष आले. चाचणीचा मुख्य निकष इन्सुलिनच्या कामाचा होता आणि त्यात फरक पडला नाही. वजनात सुमारे अडीच किलोंचा फरक पडला, चरबी घटली. सोबत मिळालेल्यांपैकी ७.६ टक्क्यांना मधुमेह झाला आणि नुसती माहिती मिळालेल्यांपैकी १५.६ टक्क्यांना. हा फरक योगायोगानंही पडू शकला असता, इतकी ही संख्या लहान आहे. काहींना या आकड्यांत आशा दिसते. काही म्हणतात, मुख्य निकषात अपयश आलेली चाचणी ती, तिच्या भरवशावर रुग्णालयांनी पैसे खर्च करू नयेत. दोन्ही वाचनं प्रामाणिक आहेत.

मग आधार कुणी द्यावा आणि कुठे? रुग्णालयातल्या व्यायामवर्गात देखरेख चांगली होते, पण लांबून येणाऱ्याला ते परवडत नाही. ब्रिटनमध्ये 'किडनी बीम' या नावानं घरबसल्या व्हिडिओवर व्यायाम करवून घेणारी सोय निघाली. किडनीच्या ३४० रुग्णांवर तिची चाचणी झाली, त्यांत प्रत्यारोपण झालेलेही होते. बारा आठवड्यांत मानसिक स्वास्थ्याशी निगडित जीवनमान सुधारलं. पण अशा चाचणीला मुळात उत्साही आणि मोबाइल सराईतपणे वापरणारी माणसंच येतात, असाही एक मुद्दा त्यावर मांडला जातो.

वजन आणि साखर उतरवणारी नवी औषधं आल्यानं, आहार-व्यायामाचा एवढा खटाटोप कशाला, असंही विचारलं जाऊ लागलं आहे. ग्लिफ्लोझिन गटाच्या औषधांच्या किडनीवरच्या मोठ्या चाचण्यांत प्रत्यारोपित रुग्ण घेतले गेले नव्हते. सेमाग्लुटाइडसारख्या इंजेक्शनांनी वजन उतरतं तेव्हा स्नायूही उतरतात. आधीच स्नायू गमावलेल्यांसाठी हा हिशेब कसा मांडायचा, हे ठरलेलं नाही.

आपल्याकडे

भारतात २०२३ साली तेरा हजारांहून अधिक किडनी प्रत्यारोपणं झाली. त्यांतली बहुतेक जिवंत दात्यांकडून, आणि दात्यांमध्ये बायकांची संख्या जास्त: आई, बायको, बहीण. १९९४चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा पती-पत्नीला जवळचे नातेवाईक मानतो, म्हणून वहिनीला किडनी देता आली. पाश्चात्त्य चाचण्यांत रुग्ण आपलं ताट आपण वाढून घेतो असं गृहीत असतं. आपल्याकडे ते बहुधा दुसरं कुणी वाढतं, आणि पुष्कळदा वाढणारीनंच महिन्याभरापूर्वी किडनी दिलेली असते. पथ्याचं समुपदेशन पुरुष रुग्णाला एकट्याला खोलीत बसवून करणं म्हणूनच फोल ठरतं. बरीचशी मोठी केंद्रं आता घरच्यांना सोबत बसवतात. पण दवाखान्यापासून दोनशे किलोमीटरवर राहणाऱ्याला ही भेट एकदाच मिळते, घरी सोडण्याच्या दिवशी, जेव्हा त्याचं सगळं लक्ष गोळ्यांच्या वेळांकडे असतं.

उपवासाचा प्रश्नही आपल्याकडे हमखास येतो. रमजानच्या रोज्यांवर मध्यपूर्वेत छोट्या पाहण्या झाल्या आहेत आणि किडनी स्थिर असलेल्यांना त्यांत मोठा अपाय दिसलेला नाही. तरी बारा तासांच्या अंतरानं घ्यायची गोळी आणि निर्जळी दिवस यांचा मेळ कसा घालायचा, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत. एकादशीचा प्रश्न उलटा आहे: साबुदाणा, बटाटा, शेंगदाणे, म्हणजे उपाशी राहणं नव्हेच. त्या थाळीनं साखर किती चढते, हे प्रत्यारोपित रुग्णांत मोजून पाहणं अवघड नाही.

किडनी जास्त वर्षं टिकते का, या सर्वांत मोठ्या प्रश्नाचं उत्तर अजून कुठल्याच आहार-व्यायामाच्या चाचणीनं दिलेलं नाही. त्यासाठी हजारो माणसं आणि दहा वर्षं लागतील. सहा महिन्यांचा आधार संपल्यावर कमी झालेलं वजन परत चढतं का, सुरुवात शस्त्रक्रियेआधी डायलिसिसच्या खुर्चीतच करावी का, हेही उघडंच आहे. आणि दात्याचं काय? मी वर उल्लेखलेल्या चाचण्यांत मोजमाप झालं ते किडनी मिळालेल्याचं. एका किडनीवर उरलेलं आयुष्य काढणाऱ्या माणसाचंही वजन, रक्तदाब आणि मीठ तितक्याच काळजीचं असतं.

दादा आता सकाळी बाजार समितीपर्यंत चालत जाऊन येतो, पाऊण तास. साखर गोळीवर आहे, वजन सहा किलोंनी उतरलं. पुण्याला तपासणीसाठी जातो तेव्हा वहिनी सोबत असते आणि फाइल तिच्या हातात असते. मागच्या खेपेला आहारतज्ज्ञ बाईंनी दादाला काट्यावर उभं केलं, आकडा लिहिला, आणि मग वहिनीला म्हणाल्या, "ताई, तुम्हीही या." शस्त्रक्रियेला तेव्हा दोन वर्षं झाली होती.